मिक्स लॉटमधलं परदेशी नाणं ओळखू येत नाही? आधी त्याचं पंचांग तपासा

"१३७१ सालचं पिवळं नाणं सापडलंय, विकलं तर किती येतील?" अशा धर्तीचा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच. सोबत फोटो असतो. पिवळसर धातू, पाच टोकांचा तारा, अरबी अक्षरं, आणि आपल्याला सहज वाचता येतील असे इंग्रजी आकडे: १३७१. विचारणाऱ्याला वाटतं की आपल्या हातात तुघलकांच्या काळातलं काहीतरी आहे. प्रत्यक्षात ते नाणं फ्रेंच अंमलाखालच्या मोरोक्कोचं असतं, १९५२च्या आगेमागेचं, ॲल्युमिनियम-ब्राँझचं. साल हिजरी, म्हणजे इस्लामी पंचांगाचं आहे, फक्त आकडे युरोपीय वळणाचे आहेत.

चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा नाण्यांच्या प्रदर्शनात किलोच्या किंवा मुठीच्या भावाने मिळणाऱ्या पिशव्यांमधून अशी नाणी कायम निघतात. कोकणातल्या कितीतरी घरांत तर आखाती देशांतून आणि जहाजांवरून परतलेल्यांनी आणलेली चिल्लर अजून डब्यात पडून आहे. ती ओळखताना लोक अडतात त्या जागा ठरलेल्या आहेत. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त गोंधळ सालाचा असतो, म्हणून सालावरच सगळ्यात जास्त लिहितो आहे.

फोटो टाकण्याआधी काटा

मोबाइलवर फोटो टाकून शोधणं सोपं असतं आणि प्रसिद्ध नाण्यांना ते चालतंही. पण गरुड, सिंह, तारा, मुकुट घातलेलं डोकं ही चित्रं शेकडो नाण्यांवर आहेत. फोटो-शोध चित्राचं साम्य बघतो. त्याला वजन कळत नाही, धातू कळत नाही, आणि झिजलेलं अक्षर तो स्वतःच्या अंदाजाने भरून काढतो. म्हणून आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: वजन, व्यास, आणि लोहचुंबकाला चिकटतं की नाही. वजनासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा पुरतो. व्यासासाठी कॅलिपर घ्या, नसेल तर पट्टी. दहा पट मोठं दाखवणारं भिंगही जवळ असू द्या. न्युमिस्टासारख्या मोफत ऑनलाइन सूचीत वजन आणि व्यास घालून शोधता येतं. फोटोने न सुटलेली बरीच नाणी तिथे सुटतात.

आणि कृपा करून नाणं घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट हे सगळं पूजेच्या तांब्याला ठीक आहे. नाण्यावर त्याने जो चकचकीतपणा येतो, तो बघताच जाणकार ग्राहक नाणं खाली ठेवतो. वरची मूळ परत एकदा गेली की परत येत नाही. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा आणि न चोळता टिपून घ्या.

साल विचित्र दिसतं, किंवा जगात कुठे बसतच नाही

अरबी वळणाचे आकडे असतील तर आधी दिशा: अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचली जात असली तरी आकडे डावीकडूनच वाचायचे. पुढे मराठी डोळ्यांसाठी दोन खास सापळे आहेत. पूर्वेकडच्या अरबी आकड्यांत पाच हा गोल असतो, आणि आपण तो शून्य म्हणून वाचतो. त्यांचं शून्य म्हणजे नुसता टिंब. दुसरा सापळा नवाचा: त्यांचा नऊ आपल्या देवनागरी १ सारखा दिसतो. "११११" किंवा "१३०१" असं काही वाचलं गेलं तर थांबा आणि पुन्हा बघा. त्यांचा एक ही नुसती उभी काडी असते, तिला डोकं नसतं. सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच व्ही उलटा, सहा इंग्रजी ७ सारखा, आणि चार म्हणजे इंग्रजी ३ आरशात पाहिल्यासारखा. एवढं पाठ झालं की आखाती देश, इजिप्त आणि तुर्कस्तानची नाणी वाचता येऊ लागतात.

हिजरी साल इसवी सनात आणायला कागदावर सोपं गणित आहे: सालातून त्याचे तीन टक्के वजा करा आणि ६२२ मिळवा. १३७१ चे तीन टक्के ४१, उरले १३३०, त्यात ६२२ मिळवले की १९५२. चांद्र वर्ष छोटं असल्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक पडतो, पण ओळख पटवायला हे पुरेसं आहे.

तुर्की उस्मानी नाण्यांवर मात्र एक पायरी जास्त लागते, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. तुघरा म्हणजे सुलतानाची वळणदार मोहर: वर तीन उभ्या रेघा, डावीकडे मोठी वेटोळी. या तीन रेघा वर आल्या की नाणं सरळ धरलं आहे असं समजा. कितीतरी फोटो उलटे असतात आणि मग कुणालाच काही वाचता येत नाही. या नाण्यांवरचं मोठं साल पाडण्याचं नसून सुलतान गादीवर बसल्याचं असतं. १२५५ म्हणजे अब्दुल मजीद, १२७७ अब्दुल अझीझ, १२९३ दुसरा अब्दुल हमीद, १३२७ पाचवा महमद. दुसरीकडे कुठेतरी एक लहान आकडा असतो, तो नाणं कारकिर्दीच्या कितव्या वर्षी पाडलं ते सांगतो. १३२७ आणि ४ असं दिसलं तर गादीचं पहिलं वर्ष १३२७, म्हणून चौथं १३३०, म्हणजे साधारण १९१२. हा लहान आकडा न बघता "१९०९ चं नाणं" म्हणून लिहून ठेवलेली पाकिटं मी खूप पाहिली आहेत. त्याच तुघऱ्याची नाणी इजिप्तसाठीही पाडली जात. फरक टांकसाळीच्या नावात असतो: इजिप्तचं 'मिस्र' हे नाव तीनच अक्षरांचं, आखूड, कॉन्स्टँटिनोपलचं चांगलं लांबलचक. अरबी वाचता येत नसलं तरी लांबीवरून कळतं.

इराणचं गणित निराळं. तिथे १९२५ पासून सौर हिजरी साल आहे, त्यात सरळ ६२१ मिळवायचे. नाण्यावर १३५० असेल आणि ते इराणचं असेल तर १९७१. तेच चांद्र हिजरी धरलं तर १९३१. चाळीस वर्षांचा फरक! म्हणून आकडेमोड करण्याआधी देश ठरवा. हातात तलवार घेतलेला सिंह आणि पाठीवर उगवता सूर्य दिसला की १९७९ पूर्वीचं इराण. आणि इराणच्याच एखाद्या नाण्यावर २५३५, २५३६ किंवा २५३७ दिसलं तर ते भविष्यातलं नाही. शाहने १९७६ मध्ये काही काळ शाहनशाही शक आणला होता. २५३५ म्हणजे १९७६.

नेपाळच्या नाण्यांपाशी युरोपातले संग्राहक अडतात, आपण अडायचं कारण नाही. सगळं देवनागरीत आहे. तरीही २०२८ साल बघून "हे खोटं आहे का?" असं विचारणारे मराठी लोक भेटतात. तो विक्रम संवत आहे, ५७ वजा करा, १९७१ आलं. 'मोहर' नावाच्या जुन्या चांदीच्या नाण्यांवर मात्र शके असतो, तोच आपल्या पंचांगातला शालिवाहन शक, ७८ मिळवायचे. नेपाळने या मोहरांवर १९११ मध्ये शके सोडून संवत घेतला, त्यामुळे सोळाशे ते अठराशेच्या घरातलं साल असेल तर शके आणि १९६८ पासून पुढे असेल तर संवत. जुन्या मोहरेवर 'भवानी' आणि 'गोरखनाथ' असं भिंगाखाली वाचता येतं. या ओळी दिसल्या की मला आपल्या माणसाचं पत्र हाती आल्यासारखा आनंद होतो. जगातले संग्राहक ही अक्षरं तक्त्यावरून जुळवत बसतात, आपण सरळ वाचतो.

बाकीचे थोडक्यात. थायलंडचं साल २४ किंवा २५ ने सुरू होणारं बौद्ध साल असतं, त्यातून ५४३ वजा करा. २५०५ म्हणजे १९६२. दक्षिण कोरियाच्या जुन्या ह्वान नाण्यांवर ४२९२ दिसतं, २३३३ वजा केले की १९५९. इथिओपियाचे आकडे स्वतःचे आहेत, आणि सम्राट हाइले सेलासीच्या नाण्यांवरचं १९३६ म्हणजे आपलं १९४४. तीच तारीख ठेवून पुढेही बरीच वर्षं ती नाणी पाडली गेली. तैवानच्या सालात १९११ मिळवा.

जपानवर थोडं थांबायला हवं, कारण भोकाचं पिवळं पाच येनचं नाणं जवळपास प्रत्येक पिशवीत निघतं आणि त्याच्यावर आपल्याला वाचता येईल असा एकही आकडा नाही. एका बाजूला भाताची लोंबी, भोकाभोवती दातेरी चाक, खाली पाण्याच्या आडव्या रेघा. साल दुसऱ्या बाजूला, सम्राटाच्या कारकिर्दीच्या हिशेबाने. एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा, आणि अधिकच्या चिन्हासारखं अक्षर म्हणजे दहा. दहाच्या आधी आकडा आला तर गुणायचं, नंतर आला तर मिळवायचं: पाच-दहा-तीन म्हणजे ५३. शोवा कारकिर्दीसाठी १९२५ मिळवले की १९७८. मेइजीसाठी १८६७, ताइशोसाठी १९११, हेइसेईसाठी १९८८ मिळवायचे.

देशाचं नावच नाही

नाव असतं, पण आपण ओळखतो ते नसतं. सर्वांत जास्त विचारलं जाणारं म्हणजे 'हेल्वेटिया': भाला-ढाल घेऊन उभी असलेली बाई, भोवती तारे. हे स्वित्झर्लंड. तिथे चार भाषा चालतात, म्हणून नाण्यावर लॅटिन नाव घेतलं. तारे मोजा: १९८२ पर्यंत बावीस, १९८३ पासून तेवीस, कारण मधल्या काळात जुरा हा नवा प्रांत झाला. मग्यार म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड, वीणेसारखं वाद्य आणि आयरे म्हणजे आयर्लंड.

ब्रिटिश नाण्यांवर देशाचं नाव लॅटिन संक्षेपांत दडलेलं असतं, त्यामुळे राजाचं डोकं बघून लोक ते हिंदुस्थानचं समजतात. तिथे किंमत वाचा: शिलिंग, पेन्स, क्राउन असे शब्द असतील तर आपला देश नाही. सहाव्या जॉर्जच्या नाण्यावर 'इंड इम्प' ही अक्षरं असतील तर १९४८ पर्यंतचं; हिंदुस्थानचा सम्राट ही पदवी त्यानंतरच्या नाण्यांवरून गेली.

खरोखर एकही अक्षर नसलेली नाणीही आहेत. १८९२ पासूनच्या ऑस्ट्रियन हेलरवर एका बाजूला दोन डोक्यांचा गरुड, दुसरीकडे आकडा आणि साल, बस्स. दोन डोक्यांचा गरुड रशियाचाही आहे, पण रशियन नाण्यावर रशियन अक्षरं असतातच. जुने १० आणि २० हेलर शुद्ध निकेलचे आहेत, चुंबकाला चिकटतात. तेवढ्यावरूनही खात्री पटते. त्याच साम्राज्याच्या हंगेरियन अर्ध्या भागात फिलेर चालत. त्यांच्यावरचा मुकुट भिंगाखाली नीट बघा: वरचा क्रूस सरळ नाही, एका बाजूला कललेला आहे. छाप बिघडलेली नाही. सेंट स्टीफनच्या खऱ्या मुकुटावरचा क्रूस वाकलेलाच आहे आणि नक्षीकाराने तो तसाच दाखवला आहे.

पोर्तुगीज दिसतं, पण पोर्तुगालचं नाही

गोव्यात आणि मोझांबिकला जाऊन आलेल्या गोवेकरांच्या घरांत ही नाणी मिसळलेली सापडतात, आणि एका नजरेत ती सारखीच वाटतात. अंगोला, मोझांबिक, गिनी, तिमोर आणि गोवा यांच्या १९५० च्या दशकातल्या नाण्यांची धाटणी एक आहे: ढाल, वर बुरुजांचा मुकुट, पोर्तुगीज प्रजासत्ताकाचं नाव. इथे किमतीचा आकडा मदत करतो. गोव्यात आधी रुपिया चालत असे. १९५८-५९ मध्ये एस्कुदो आला, तेव्हा एका रुपियाचे सहा एस्कुदो धरले. त्यामुळे नाणीही ३ आणि ६ एस्कुदोची, ३० आणि ६० सेंताव्होंची निघाली. असे विचित्र आकडे या कुटुंबात गोवा आणि तिमोर या दोघांकडेच आहेत. मग फक्त नाव बघायचं: 'एस्तादो दा इंडिया' असेल तर आपलं गोवा, दमण, दीव. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, म्हणजे या एस्कुदो नाण्यांना जेमतेम तीन वर्षं मिळाली. ती मिक्स पिशवीत पडून राहू देऊ नका.

जवळचाच दुसरा प्रकार जर्मन पूर्व आफ्रिकेचा. शिरस्त्राण घातलेला मिशीवाला कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, मागे 'रुपी' हा शब्द, आणि वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाइतकं. त्या किनाऱ्यावर आपला रुपया आधीपासून चालत होता, म्हणून जर्मनांनी त्याच मापाचा पाडला.

चांदी आहे की नाही?

आवाजावरून ठरवू नका. चांदीला चुंबक ओढत नाही, पण तांबं-निकेलच्या मिश्रणालाही ओढत नाही, म्हणून चुंबक इथे फक्त खोटं उघड करायला उपयोगी. स्विस फ्रँकसाठी काटा पुरतो: १९६७ पर्यंतची नाणी चांदीची, १९६८ पासून तांबं-निकेलची. दिसायला आणि व्यासाला तीच, पण अर्धा फ्रँक २.५ वरून २.२ ग्रॅमवर, एक फ्रँक ५ वरून ४.४ वर, दोन फ्रँक १० वरून ८.८ वर आला. साल झिजलं असलं तरी काटा सांगतो.

ब्रिटिश नाण्यांना मात्र ही युक्ती चालत नाही, कारण धातू बदलताना त्यांनी वजन बदललंच नाही. शिलिंग ५.६६ ग्रॅमचं होतं आणि तेवढंच राहिलं. तिथे सालच बघावं लागतं: १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी, १९२० ते १९४६ पन्नास टक्के, १९४७ पासून चांदी नाहीच.

राखाडी, निस्तेज, हलकं आणि चुंबकाला न चिकटणारं युरोपीय नाणं निघालं तर साल १९४० ते १९४६ च्या आसपास शोधा. महायुद्धात तांबं आणि निकेल दारूगोळ्याकडे गेलं आणि जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स, फ्रान्स यांनी जस्ताची नाणी काढली. बाजारभाव फारसा नाही, पण मी ती वेगळी काढून ठेवतो. तो काळ त्या धातूतच दिसतो.

कुठल्याच सूचीत सापडत नाही

मग ते कदाचित नाणं नाही. मध्ये खाच असलेलं, टेलिफोनचं चित्र असलेलं इटलीचं ब्राँझचं टोकन हमखास निघतं. त्यावरचा ७३०४ सारखा आकडा हे साल नाही: १९७३ चा चौथा महिना. फोनसाठी पाडलेलं हे टोकन तिथे सुट्ट्या पैशासारखंही फिरत असे. पितळेची पातळ जर्मन 'श्पीलमार्क' ही पत्त्यांच्या खेळातली सोंगटी, त्यावर राजाचं डोकं असलं तरी.

आपल्याकडचा सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान असलेली तांब्या-पितळेची 'नाणी'. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. जत्रेत विकायला नंतरच्या काळात केलेले हे बिल्ले आहेत, आणि लाखांच्या बोलींच्या अफवा पसरवून लोकांना अजून फसवलं जातं. तुमच्या घरात असेल तर देवघरात ठेवा, पण त्याच्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

उलट, १७८० सालचं मोठं ऑस्ट्रियन चांदीचं नाणं, मारिया तेरेसाचा थालर, खरं असूनही १७८० चं नसण्याची शक्यता फार मोठी आहे. ती राणी गेल्यावरही तेच साल ठेवून तो पाडला जात राहिला, कारण अरबस्तान आणि इथिओपियातले व्यापारी दुसरं काही घेत नसत. १९४०-४१ मध्ये तर तो मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी ८३.३ टक्के. वजन बरंच कमी भरलं किंवा चुंबकाला चिकटलं तर नकली.

तरीही अडलं तर

विचारताना दोन्ही बाजूंचे सरळ वरून काढलेले फोटो द्या, उजेड एका बाजूने पडू द्या म्हणजे झिजलेली अक्षरं उठून दिसतात. वजन, व्यास, चुंबक हे लिहा, आणि तुम्हाला कोणती अक्षरं वाचता आली तेही, चुकीची असली तरी. "हे काय आहे?" एवढंच विचारलं तर उत्तरही तेवढंच मिळतं.

न ओळखलेली नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवू नका. त्या प्लास्टिकमधून काही वर्षांनी हिरवा चिकट थर सुटतो. तो आला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवून निघतो. खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस किंवा आग नको. नंतर प्रत्येक नाणं कागदी पाकिटात, आणि पाकिटावर वजन, व्यास आणि कुठल्या पिशवीतून आलं ते पेन्सिलने लिहून ठेवा. एकाच पिशवीतली नाणी पुष्कळदा एकाच माणसाच्या प्रवासातली असतात, आणि शेजारच्या पाकिटातला देश कळला की अडलेलं नाणंही त्याच बंदराच्या आसपास शोधता येतं.